मैदानावर दुकाने, घराखाली फॅब्रिकेशन, शेतावर आरक्षण : विकास आराखड्याविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बहुतेक पत्रे झोन, आरक्षण आणि बेकायदा वापर याविषयीची आहेत. खाली नुसता ‘कायदा’ असा उल्लेख आहे तिथे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ समजावा. ‘नियमावली’ म्हणजे २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. बृहन्मुंबई, एमआयडीसी आणि आणखी काही क्षेत्रे तिच्याबाहेर आहेत. तिथले नियम स्वतंत्र आहेत, पण कायद्याची कलमे तीच.

प्रश्न : आमच्या वसाहतीलगत विकास आराखड्यात खेळाच्या मैदानाचे आरक्षण आहे. मुले गेली कित्येक वर्षे तिथे खेळतात. आता हे आरक्षण उठवून ती जागा वाणिज्य विभागात घेण्याची नोटीस वर्तमानपत्रात आली आहे. महासभेने ठरावही केला, असे कळते. आता काही करता येईल का?

येईल. महासभेचा ठराव ही या प्रक्रियेची सुरुवात आहे, शेवट नाही. मंजूर आराखड्यातला असा बदल कायद्याच्या कलम ३७ खाली होतो. नियोजन प्राधिकरणाने, म्हणजे तुमच्या महापालिकेने, राजपत्रात नोटीस द्यायची, एक महिन्याच्या आत हरकती व सूचना मागवायच्या, बाधित लोकांना वेगळी नोटीस देऊन त्यांची सुनावणी घ्यायची आणि मग प्रस्ताव मंजुरीसाठी शासनाकडे पाठवायचा. शासन नगररचना संचालकांचा सल्ला घेते, प्रस्ताव आहे तसा किंवा बदलून मंजूर करते, नाहीतर नाकारते. मंजुरीची अधिसूचना राजपत्रात येईपर्यंत ती जागा कागदावरही मैदानच असते.

पहिले काम तारखेचे. वर्तमानपत्रातली तारीख आणि राजपत्राच्या विभागीय पुरवणीतली तारीख वेगवेगळी असू शकते. मुदत कोणत्या तारखेपासून मोजायची हे नोटिशीतच लिहिलेले असते. ते स्पष्ट नसेल तर दोन्हीतली आधीची तारीख धरा आणि तिच्यापासून महिना संपण्याआधी चार दिवस हरकत आवक-जावक कक्षात द्या. शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख असलेली पोच प्रत घ्या. ‘साहेबांच्या हातात दिली’ या हरकतीचा सुनावणीच्या यादीत पत्ता नसतो.

नोटीस नीट वाचा. ती कलम ३७ च्या पोटकलम १ खाली असेल तर हरकत आयुक्तांकडे जाते. पोटकलम १-अअ खाली असेल तर बदल शासन स्वतः करत असते आणि हरकत ऐकायला नगररचना विभागाचा अधिकारी नेमलेला असतो, त्याचे पद आणि पत्ता नोटिशीत असतो. हरकत चुकीच्या टेबलावर गेली की सुनावणी होऊन जाते आणि तुम्हाला कळतही नाही.

आता हरकतीचा मजकूर. ‘मुलांच्या भवितव्याशी खेळ थांबवा’ हे खरे आहे, पण सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला अहवालात त्यावर लिहिण्यासारखे काही मिळत नाही. त्याला मुद्दे हवेत. विकास आराखड्यासोबत एक छापील अहवाल असतो. त्यात कोणत्या नियोजन विभागात किती लोकसंख्या धरली, मैदाने व उद्यानांसाठी किती क्षेत्र लागते आणि किती दाखवले, याचे तक्ते असतात. तुमच्या विभागाचा तक्ता काढा. तिथे मैदानांची तूट आधीच असेल तर तो तुमचा पहिला मुद्दा. मैदान वगळल्यावर तेवढेच क्षेत्र त्याच विभागात दुसरीकडे दिले आहे का, हा दुसरा. वाणिज्य वापराला लागणारा रस्ता प्रत्यक्षात किती रुंद आहे, हा तिसरा, आणि तो टेपने मोजून लिहा. आराखड्यात रस्ता १२ मीटर आणि जागेवर साडेसात, असे सर्रास निघते. चौथा मुद्दा कायद्याचा : कलम ३७ खाली आराखड्याचे मूळ स्वरूप बदलणारा फेरबदल करता येत नाही. एखाद्या भागातले एकमेव मैदान काढणे हा स्वरूपातला बदल कसा आहे, ते आकड्यांनिशी मांडा. बेंगळुरूतल्या एका उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तो निर्णय रद्द ठरवला आणि अशा प्रकरणात शेजारच्या रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे, हेही सांगितले. बेंगळुरू मेडिकल ट्रस्ट या नावाने तो निकाल ओळखला जातो. हरकतीत त्याचा उल्लेख करा.

एकाच मजकुराच्या पाचशे छापील प्रती देण्यात लोक फार शक्ती घालवतात. अशा हरकती एकत्र धरल्या जातात आणि त्यांच्यावर एकच ओळ लिहिली जाते. त्यापेक्षा दहा जणांनी दहा वेगवेगळे मुद्दे द्यावेत : शाळेने खेळाच्या तासाचा, सोसायटीने पार्किंगचा, कोपऱ्यावरच्या दवाखान्याने रुग्णवाहिकेच्या वाटेचा. प्रत्येकाने सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक आणि स्वतःचा पूर्ण पत्ता लिहावा, कारण सुनावणीचे पत्र त्याच पत्त्यावर येते. सुनावणीला जाताना लेखी म्हणणे दोन प्रतींत न्या, एक द्या आणि दुसरीवर पोच घ्या. नंतर माहिती अधिकारात सुनावणीचा अहवाल आणि शासनाला पाठवलेला प्रस्ताव मागवा. तुमच्या मुद्द्यावर काय शेरा लिहिला ते त्यात दिसते, आणि त्यावरचे उत्तर मंत्रालयात नगरविकास विभागाला पाठवायला तेव्हाही वेळ असतो.

एक खात्री मात्र सगळ्याच्या आधी करून घ्या. तुम्ही ज्याला मैदान म्हणता ते आराखड्यातले आरक्षण आहे की तुमच्या ले-आउटमधली खुली जागा? ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या ले-आउटमध्ये १० टक्के खुली जागा सोडावीच लागते. ती ले-आउटमधल्या सगळ्या भूखंडधारकांसाठी असते आणि मंजूर ले-आउटच्या नकाशावर दाखवलेली असते, तिचा आराखड्यातल्या आरक्षणाशी संबंध नसतो. ती असेल तर लढाई वेगळी, कागद वेगळे. मंजूर ले-आउटची प्रत महापालिकेच्या नगररचना कार्यालयातून आधी काढा.

प्रश्न : आमच्या चार मजली निवासी इमारतीच्या तळमजल्यावर फॅब्रिकेशनचे दुकान सुरू झाले आहे. कटर आणि वेल्डिंग रात्रीपर्यंत चालते. मालक म्हणतो, ‘माझ्याकडे दुकानाचे लायसन्स आहे, मी कमर्शियल टॅक्स भरतो.’ तक्रारी करून थकलो.

दुकाने व आस्थापना कायद्याची नोंदणी, जीएसटी क्रमांक, व्यावसायिक वीजजोडणी, वाणिज्य दराची घरपट्टी, सोसायटीची ना-हरकत यांपैकी एकही कागद जागेच्या वापराची परवानगी नव्हे. कायद्यात ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येतच इमारतीच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदल येतो, आणि कलम ४३ प्रमाणे असा बदल नियोजन प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय करता येत नाही. म्हणून तुमचा प्रश्न एकच : मंजूर नकाशात तळमजल्यावर काय दाखवले आहे?

तो नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र माहिती अधिकारात मागवा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून अर्ज आटोपशीर हवा : ‘सिटी सर्व्हे क्रमांक अमुक, इमारत अमुक, हिचा शेवटचा मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात.’ त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर २० रुपयांचा स्टँप लावून प्रथम अपील.

नकाशा हातात आला की तीन शक्यता उरतात. तळमजल्यावर पार्किंग असेल तर बेकायदा बांधकाम आणि बेकायदा वापर असे दोन्ही. सदनिका असेल तर वापर बदल. दुकानच दाखवले असेल तरी प्रकरण संपत नाही, कारण निवासी विभागात कोणती दुकाने व छोटे व्यवसाय चालतील हे नियमावलीच्या चौथ्या प्रकरणात समोरच्या रस्त्याच्या रुंदीप्रमाणे दिलेले आहे. किराणा, औषधे, शिवणकाम एका गटात येतात, लोखंड कापण्याचा कारखाना त्यात येत नाही. त्या यादीतली नेमकी नोंद तक्रारीत उतरवून काढा.

तक्रार एका पानाची करा आणि ती प्रभागाच्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला, त्याच्या पदनामानेच द्या. सिटी सर्व्हे क्रमांक, मंजुरीचा क्रमांक व तारीख, मंजूर वापर, प्रत्यक्ष वापर, तारखेसह तीन-चार छायाचित्रे, आणि शेवटी ‘कलम ५३ अन्वये कारवाई करावी’ ही मागणी. पदनामावर भर देण्याचे कारण आहे. बेकायदा बांधकामाची माहिती मिळूनही पुरेशा कारणाशिवाय कारवाई न करणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला कलम ५६-अ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माहिती त्याच्यापर्यंत पोहोचली याचा पुरावा म्हणजे तुमची पोच प्रत. आयुक्त, आमदार, पालकमंत्री यांना पाठवलेल्या दहा प्रती ते काम करत नाहीत. ‘उचित कार्यवाहीसाठी’ असा शेरा घेऊन त्या फिरत राहतात.

पुढे स्थळपाहणी, पंचनामा आणि नोटीस असा क्रम असतो. प्रकरणे गळतात ती याच टप्प्यावर. नोटीस भाडेकरूच्या नावे निघते आणि मालक सुटतो, किंवा नोटिशीत ‘अनधिकृत बांधकाम’ छापलेले असते आणि जागेवर बांधकाम नसून नुसता वापर बदललेला असतो. अशी नोटीस न्यायालयात पहिल्याच तारखेला अडकते. म्हणून तक्रारीतच मालक आणि वापरणारा, दोघांची नावे द्या आणि ‘वापर बदल’ हे शब्द लिहा. वापर बदलाच्या प्रकरणात पाडायचे काही नसते, तेव्हा नोटीस न पाळल्यास कलम ५३ खाली खटला भरण्याचा मार्ग आहे, आणि तो मालकाबरोबर जागा वापरणाऱ्यावरही भरता येतो. नोटीस निघाली की महापालिकेच्या विधी विभागाला दिवाणी न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे ‘आमचे ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये’ असा अर्ज, दाखल करण्याची लेखी विनंती करा. कॅव्हेट ९० दिवस टिकते आणि एकतर्फी मनाई आदेशाला आळा बसतो.

आवाजाची तक्रार वेगळ्या कागदावर, पोलीस ठाण्यात आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. निवासी क्षेत्राची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल आहे. मोबाइलवरच्या ॲपचा आकडा पुरावा म्हणून टिकत नाही, मंडळाच्या किंवा पोलिसांच्या मीटरने मोजणी मागा. दोन्ही तक्रारी एकाच अर्जात कोंबल्या तर नगररचनावाले ‘आवाज आमच्याकडे नाही’ म्हणतात आणि पोलीस ‘बांधकाम आमच्याकडे नाही’ म्हणतात.

प्रश्न : शहरालगत एक गुंठ्याचा प्लॉट घेत आहोत. एजंटने ‘यलो झोन’, म्हणजे निवासी विभाग, लिहिलेला दाखला दाखवला. एवढे पुरेसे आहे का?

नाही. दाखल्यात बहुधा असे वाक्य असते : ‘गट क्रमांक अमुक हा भागशः निवासी व भागशः शेती विभागात समाविष्ट आहे.’ त्या ‘भागशः’ मध्ये तुमचा प्लॉट कुठे बसतो हे दाखला सांगत नाही, त्यासाठी भाग नकाशा, म्हणजे आराखड्याच्या नकाशाचा तुमच्या गटापुरता उतारा, लागतो. झोन दाखला आणि भाग नकाशा दोन्ही स्वतः अर्ज करून, ताज्या तारखेचे घ्या. सातबाऱ्यावर झोन लिहिलेला नसतो.

भाग नकाशाही डोळसपणे पाहावा लागतो. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, जवळजवळ १० मीटर बाय १० मीटर. नकाशा १:१०,००० प्रमाणाचा असेल तर त्यावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर १० मीटर. तुमचा अख्खा प्लॉट त्या कागदावर मिलिमीटरभर चौकोनाचा ठिपका आहे, आणि पिवळ्या (निवासी) आणि हिरव्या (शेती) विभागामधली रेघ अर्धा मिलिमीटर जाड असली तरी ती जागेवर ५ मीटर व्यापते. प्लॉट रेघेजवळ असेल तर नकाशा डोळ्यांनी पाहून काही ठरत नाही. भूमि अभिलेख कार्यालयाची मोजणी करून ‘क’ प्रत घ्या आणि त्या प्रतीवर झोनची हद्द, विकास आराखड्यातला (डीपी) रस्ता व आरक्षण नियोजन प्राधिकरणाकडून आखून, सही-शिक्क्यानिशी घ्या. व्यवहारात याला डिमार्केशन म्हणतात. विकणारा यासाठी थांबायला तयार नसेल तर व्यवहार करू नये.

आणखी एक विचारा : दाखला मंजूर आराखड्यावरून दिला आहे की प्रारूप आराखड्यावरून? प्रारूपात हिरव्याचे पिवळे दाखवले म्हणून आज घर बांधता येत नाही, अंतिम मंजुरीत ते पुन्हा हिरवे होऊ शकते. उलट प्रारूपात तुमच्या जागेवर नवा रस्ता आला असेल, तर कलम ४६ प्रमाणे परवानगी देताना प्राधिकरणाला तो विचारात घ्यावाच लागतो. म्हणजे प्रारूपातले चांगले लगेच मिळत नाही आणि वाईट लगेच आडवे येते. बयाणा देण्याआधी दोन्ही नकाशे पाहा.

प्रश्न : वडिलांच्या दीड एकरावर शाळेचे आरक्षण आहे. आराखडा मंजूर होऊन १४ वर्षे झाली. ना जमीन घेतात, ना बांधू देतात.

कलम १२७ यासाठीच आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षे उलटून गेली असतील आणि जमीन कराराने घेतलेली नसेल किंवा संपादनाची कार्यवाही सुरू झालेली नसेल, तर मालकाने नियोजन प्राधिकरणाला नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत जमीन संपादित झाली नाही, किंवा संपादनासाठी पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते, आणि लगतच्या जमिनीला जो वापर अनुज्ञेय आहे तो तुम्हाला मिळतो. ही २४ महिन्यांची मुदत २०१५ च्या दुरुस्तीपासूनची आहे. जुन्या पुस्तकांत १२ किंवा ६ महिने लिहिलेले सापडेल, त्यावर जाऊ नका.

नोटीस कशी द्यायची हे फार जपून पाहा, कारण यातली चूक दोन वर्षांनी उघडकीस येते. दहा वर्षे मोजायची ती आराखडा ‘अमलात आल्याच्या’ तारखेपासून. मंजुरीच्या अधिसूचनेतच ती तारीख वेगळी दिलेली असते आणि अधिसूचनेच्या तारखेच्या नंतरची असते. दहा वर्षे पुरी व्हायला एक दिवस राहिला असताना दिलेली नोटीस निकामी. सातबाऱ्यावर जितकी नावे तितक्यांच्या सह्या घ्या. वडील हयात नसतील तर आधी वारसनोंदीचा फेरफार. मालकी दाखवणारे कागद सोबत जोडणे ही कायद्याची अट आहे : ताजा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार, मोजणीचा नकाशा. ज्यांच्यासाठी आरक्षण आहे ते समुचित प्राधिकरण जिल्हा परिषद किंवा शासनाचे खाते असेल तर त्यांनाही तीच नोटीस द्या. आरक्षण क्रमांक आणि बाधित क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहा.

नोटिशीनंतर महापालिकेकडून पत्र येते : ‘संपादनाचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठविला आहे.’ बरेच जण इथे हाय खाऊन गप्प बसतात. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केले की नुसता प्रस्ताव पाठवणे हे ‘पाऊल’ नव्हे, संपादनाची घोषणा प्रसिद्ध व्हायला हवी. २४ महिने संपले की कलम १२७ च्या पोटकलम २ प्रमाणे व्यपगत झाल्याची अधिसूचना राजपत्रात काढावी म्हणून नगरविकास विभागाकडे अर्ज करा. ती नसेल तर बांधकाम परवानगीच्या टेबलावर फाइल थांबते.

तुमच्या बाबतीत एक धोका आहे. आराखडा सुधारित होण्याच्या वाटेवर असेल आणि सुधारित आराखड्यात शाळेचे आरक्षण पुन्हा आले, तर त्याआधी नोटीस दिलेली नसल्यास दहा वर्षे नव्याने मोजली जातात. प्रफुल्ल दवे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असाच निकाल दिला आहे. १४ वर्षे झाली आहेत, तेव्हा नोटीस या महिन्यात द्या. जमीन द्यायची तयारी असेल तर टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, किंवा काही भाग बांधून देऊन उरलेला स्वतः विकसित करण्याचे समायोजन आरक्षण, हे पर्याय नियमावलीच्या अकराव्या प्रकरणात आहेत. त्याचा हिशेब एखाद्या वास्तुविशारदाकडून नोटिशीआधीच करून घ्यावा.

प्रश्न : मंजुरी दोन मजल्यांची होती, तिसरा आम्ही तसाच चढवला. कलम ५३ ची नोटीस आली आहे. आता पाडतीलच का?

नोटिशीतली मुदत संपायच्या आत तुम्ही काय करता यावर ते ठरेल. त्या मुदतीत कलम ४४ खाली बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करण्याची तरतूद कलम ५३ च्या पोटकलम ३ मध्ये आहे. अर्जाचा अंतिम निर्णय होईपर्यंत नोटीस अमलात येत नाही. पण अर्ज म्हणजे दयेचे पत्र नव्हे. परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्याने काढलेला, जागेवर जसे आहे तसा मोजलेला नकाशा, चटई क्षेत्राचा तक्ता, सामासिक अंतरे (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), पार्किंग आणि संरचना अभियंत्याचा दाखला हे सोबत हवेच. चटई क्षेत्र प्रीमियम भरून वाढवता येते, टीडीआर घेता येतो. बाजूचे अंतर विकत मिळत नाही. तिसरा मजला खालच्याच भिंतींवर उभा असेल तर आशा आहे, गॅलरी शेजाऱ्याच्या कुंपणावर आली असेल तर तेवढा भाग आधी स्वतःच काढून मग अर्ज करा.

अर्ज नाकारला तर निर्णय कळल्यापासून ४० दिवसांत कलम ४७ खाली शासनाकडे अपील करता येते. ‘६० दिवसांत उत्तर आले नाही म्हणजे मानीव परवानगी’ असे कोणी सांगेल. ती फक्त नियमांत काटेकोर बसणाऱ्या प्रस्तावाला लागू होते. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार पाडकामाआधी किमान १५ दिवसांची नोटीस नोंदणीकृत टपालाने द्यावी लागते आणि ती इमारतीवरही चिकटवावी लागते. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी किंवा जलाशयावरचे अतिक्रमण मात्र या संरक्षणात येत नाही. १७ डिसेंबर २०२४ च्या दुसऱ्या निकालात त्याच न्यायालयाने बजावले की पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहिल्याशिवाय इमारतीला वीज-पाणी देऊ नये आणि बँकांनी तो दाखला पडताळल्याशिवाय तिच्यावर कर्ज देऊ नये. नोटीस अंगावरून गेली तरी हा मजला उद्या विकताना किंवा तारण ठेवताना अडेल.

प्रश्न : प्रारूप आराखड्यात आमच्या राहत्या घरावरून रस्ता दाखवला आहे. घर ३० वर्षांचे आहे.

आराखडा करण्याआधी कलम २५ खाली विद्यमान जमीन वापर नकाशा होतो. तो मागवून पाहा. पुष्कळदा त्यात तुमची जागा ‘रिकामी’ रंगवलेली असते आणि रस्ता आखणाऱ्याने मोकळी जागा समजून रेघ ओढलेली असते. तसे असेल तर घराची परवानगी, घरपट्टीचा जुना उतारा, वीजबिल आणि मोजणी जोडून ती चूक हरकतीत दाखवा. मुदत साधारण ३० दिवसांची असते, नोटिशीतली तारीख अंतिम समजा. सुनावणी नियोजन समिती घेते. तिच्यात स्थायी समितीचे ३ सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त ४ तज्ज्ञ असतात. नुसते ‘रस्ता रद्द करा’ म्हणू नका. रेघ किती मीटर, कोणत्या बाजूला सरकली तर कोणाचेही घर न पडता रस्ता जोडला जातो, हे मोजणी नकाशावर लाल शाईने आखून द्या. तज्ज्ञ सदस्य त्यावरच बोलतात.

प्रश्न : ग्रामसभेने ठराव करून गटाचा झोन बदलता येतो का?

नाही. गावाच्या जमिनीचा झोन प्रादेशिक योजनेत ठरतो, आणि तिच्यातला बदल कलम २० खाली शासन करते. ग्रामसभेचा ठराव हरकत किंवा सूचना म्हणून मात्र वजनदार असतो. त्यावर उपस्थिती आणि गट क्रमांक लिहिलेले असावेत.

प्रश्न : नदीकाठच्या आमच्या भूखंडावरून निळी आणि लाल रेषा जाते. भराव टाकून जागा उंच केली तर रेषा बदलून मिळेल का?

रेषा जलसंपदा विभाग आखतो, नगरपालिका नाही. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मधल्या पट्ट्यात नवे बांधकाम करता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये करता येते, पण जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच ठेवावे लागते. ही पातळी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये जलसंपदा विभागाकडून लेखी घ्या आणि अभियंत्याकडून जागेवर खुंटी मारून घ्या. ‘मागच्या पुराचे पाणी इथपर्यंत आले होते’ म्हणून भिंतीवर केलेली खूण चालत नाही.

भरावाने रेषा हलत नाही, पाणी हलते. तुमच्या जागेत मावणारे पाणी शेजारच्या गल्लीत शिरते. २०१९ आणि २०२१ मध्ये सांगली-कोल्हापूरने जे भोगले त्यानंतर असा सल्ला कोणालाही देता येणार नाही. रेषाच चुकली आहे अशी खात्री असेल तर जागेचे समतल सर्वेक्षण करून, दर ५ मीटरवरच्या पातळ्यांसह, जलसंपदा विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे फेरतपासणीचा अर्ज करा. त्यांनी रेषा सुधारली तरच ती आराखड्यावर उतरते, तोपर्यंत भरावाचा एक डंपरही टाकू नका.